तापाचें नांव

आपल्या एकत्र कुटुंबांत ताप हा एकट्या रोग्याचा कधींच नसतो. घरांत एकाला ताप आला, कीं बाकीचीं दहा माणसें वैद्य होतात. आजीला काढा आठवतो. काकांना कपाटांत उरलेल्या गोळ्या आठवतात. जावईबापूंना त्यांच्या कचेरींतील कोणाचा तरी ताप एका इंजेक्शनानें कसा पळाला, तें आठवतें. ह्या सर्व मंडळींचा हेतु चांगलाच असतो. परंतु ह्या धांदलींत एक साधा प्रश्न मागें पडतो, तो म्हणजे ‘हा ताप कशाचा?’ ताप उतरविण्याची आपल्याला जितकी घाई, तितकी त्याचें नांव विचारण्याची नसते. तें नांव विचारण्याचा एक चांगला उपाय आज वैद्यकाजवळ आहे. त्याला रक्ताचें कल्चर म्हणतात. त्याविषयीं मला जें समजलें व आमच्या घरांत जें घडलें, तें वाचकांपुढें ठेवावें असें वाटतें.

मी डॉक्टर नव्हे. जुन्या अकरावीची मॅट्रिक परीक्षा, शास्त्रीबोवांपाशीं शिकलेलें संस्कृत आणि हयातभर केलेली मास्तरकी, एवढीच माझी पुंजी. तेव्हां प्रारंभ माझ्या ओळखीच्या ठिकाणाहूनच करतों. आपल्या प्राचीन वैद्यकानें रोग ओळखण्याचीं पांच साधनें सांगितलीं आहेत: निदान, पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ति. पैकीं उपशय म्हणजे औषध, अन्न किंवा आचार देऊन पाहावयाचा, आणि कशानें बरें वाटतें त्यावरून रोग ताडावयाचा. लक्षणें गूढ असतील तेव्हां हा मार्ग शास्त्रसंमत आहे. आज घरोघरीं जें चालतें, तें पाहूं गेल्यास एक प्रकारचें उपशयच होय. गोळी देऊन पाहावी. ताप उतरला तर रोग गेला असें समजावें. न उतरल्यास दुसरी गोळी द्यावी. पण काढा आणि आजची प्रतिजैविक गोळी यांत एक मोठा भेद आहे. प्रतिजैविक गोळी अर्धवट लागू पडली, तरी रक्तांतले जंतु इतके विरळ करून टाकते, कीं मागाहून शोधूं गेल्यास ते सांपडत नाहींत. रोग घरांतच राहतो आणि त्याचा पुरावा मात्र नाहींसा होतो.

आतां आमच्या घरची हकीकत. आमचें चामटोली गांव अंबरनाथ तालुक्यांत, बदलापूर व वांगणी या दोन स्टेशनांच्या मध्यें आहे. २०१९ सालच्या जुलैच्या २६ तारखेस येथें जो पाऊस कोसळला, त्यांत महालक्ष्मी एक्स्प्रेस आमच्या गांवाजवळ पाण्यांत अडकली, आणि दुसऱ्या दिवशीं हजाराहून अधिक उतारूंची तींतून सुटका करावी लागली, हें पुष्कळांना आठवत असेल. त्या पुराचें पाणी आमच्या विहिरींतहि शिरलें होतें. पुढें तीन आठवड्यांनीं आमच्या थोरल्या बंधूंचा एकोणीस वर्षांचा नातू तापानें आडवा झाला. घरांत पाणी उकळून पिण्याचा नेम होता. परंतु त्या वयाचा मुलगा कॉलेजांत, मैदानावर आणि स्टेशनाबाहेरच्या गाड्यांवर कोठें कोठें पाणी पितो, याचा हिशेब कोण ठेवणार? म्हणून त्याचा रोग पुराच्या पाण्याचाच होता, असें मी म्हणत नाहीं.

ताप रोज सायंकाळीं पायरीपायरीनें चढे. डोकें जड, जिभेवर पांढरट थर, पोट गच्च आणि अन्नावरची वासना पार गेलेली. जवळच्या एका डॉक्टरांनीं गोळ्या दिल्या. ताप एक दिवस नरमला आणि पुन्हां चढला. पांचव्या दिवशीं गोळी बदलली. सातव्या दिवशीं थोडें रक्त घेऊन विडाल नांवाची तपासणी झाली, आणि तिचा निकाल ‘असेलहि, नसेलहि’ अशा थाटाचा आला.

ही विडाल तपासणी आपल्या घरांतून फार परिचित आहे, म्हणून तिच्याविषयीं दोन शब्द लिहितों. पॅरिस येथील फर्नांड विडाल यांनीं ती १८९६ सालीं प्रसिद्ध केली. ती जंतूचा शोध घेत नाहीं. जंतूशीं झगडतांना शरीरानें जीं प्रतिद्रव्यें तयार केलीं, त्यांचा शोध घेते. चोर न पाहतां त्याच्या पावलांचे ठसे पाहावे, तसें हें आहे. ज्या प्रदेशांत विषमज्वर, म्हणजे आपला मुदतीचा ताप, पिढ्यान् पिढ्या वावरतो आहे, तेथें हे ठसे मागल्या एखाद्या आजाराचे किंवा घेतलेल्या लसीचेहि असूं शकतात. उलट आजाराच्या पहिल्या आठवड्यांत ठसे उमटलेलेच नसतात. तेव्हां एकट्या विडालवर विसंबून रोगाला नांव देणें धोक्याचें आहे.

आठव्या दिवशीं मुलाला बदलापुरांतल्या एका इस्पितळांत नेलें. तेथील डॉक्टरीणबाईंनीं त्याला तपासलें आणि म्हणाल्या, “काका, औषध मी आजच सुरू करतें. पण त्याच्या आधीं दोन्ही हातांतून कल्चरसाठीं रक्त घ्यायचें आहे.” प्रत्येक हातांतून वीस मिलिलिटर, म्हणजे एकूण चाळीस, तें चार बाटल्यांत भरावयाचें. हें ऐकतांच थोरल्या वहिनींचा धीर सुटला. त्या मला बाजूला घेऊन म्हणाल्या, “भाऊजी, पोराच्या अंगांत रक्त उरलंय कुठं? ताप उतरवायचा सोडून हे रक्त काय काढत बसतात? तुम्ही तरी त्यांना सांगा!”

आजीचें तें काळीज होतें. त्यापुढें शास्त्र सांगून उपयोग नव्हता. हिशेब सांगण्यासारखा होता. चाळीस मिलिलिटर म्हणजे चहाचे आठ चमचे. धडधाकट तरुणाच्या शरीरांत सुमारें पांच लिटर रक्त असतें, आणि आपल्याकडे रक्तदान करणारा माणूस एका वेळीं ३५० मिलिलिटर देऊन चहा पिऊन घरीं जातो. येथें मागितलेलें रक्त त्याचा जेमतेम नववा हिस्सा होतें. वहिनी म्हणाल्या, “पण एवढं तरी कशाला? थेंबभरांत दिसत नाहीं का?” त्यावर डॉक्टरीणबाईंनीं जें सांगितलें, तें प्रत्येक गृहिणीनें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. मुदतीच्या तापांत जंतु रक्तांत फार विरळ असतात. एका मिलिलिटरांत एखादा, कधीं तोहि नाहीं. मूठभर तांदळांत खडा सांपडला नाहीं, म्हणून सगळी रास स्वच्छ आहे असें कोणती गृहिणी म्हणेल? सूपभर घेऊन पाखडावे, तेव्हां खडा हातीं लागतो. रक्त कमी घेतलें, तर तपासणीचा खर्च होतो आणि उत्तर मात्र हुकतें. लहान मुलांचें रक्त त्यांच्या वजनाच्या मानानें कमी घेतात, हें येथेंच सांगून ठेवतों.

दोन हातांचें कारणहि असेंच साधें आहे. आपल्या त्वचेवर निरुपद्रवी जंतूंची वस्ती सदाच असते. सुईबरोबर त्यांतला एखादा बाटलींत उतरला, तर तोच वाढतो आणि रोगाचा आळ भलत्यावरच येतो. म्हणून हात औषधानें नीट पुसून वाळूं देतात, बाटलीचें तोंडहि पुसतात, आणि दोन निरनिराळ्या ठिकाणांहून रक्त घेतात. तोच जंतु दोन्हीकडे उगवला, तर त्याची साक्ष खरी मानावयाची. त्वचेवरचा नेहमींचा रहिवासी एकाच बाटलींत दिसला, तर तो बहुधा वाटेंत शिरलेला उपरा असतो.

वहिनींनीं संमति दिली, रक्त घेतलें गेलें, आणि त्याच तासांत शिरेंतून औषध सुरू झालें. योगायोगानें त्या इस्पितळाच्या जंतुशाळेंत माझी एक जुनी विद्यार्थिनी कामाला होती. “सर, तुम्ही आम्हांला प्रत्येक शब्दाची व्युत्पत्ति विचारायचां, आतां मी तुम्हांला कल्चर दाखवतें,” असें म्हणून तिनें मला कांचेपलीकडून सर्व दाखविलें. बाटलींत सोयाबीन आणि दुधांतील प्रथिनांपासून केलेलें पातळ खाद्य असतें. रक्त त्यांत सोडून बाटली आपल्या शरीराच्या उष्णतेइतक्या, म्हणजे सुमारें ३५ ते ३७ अंशांच्या उबेंत ठेवतात. जंतु असतील तर ते खातात आणि वाढतात. वाढतांना जो कर्बद्विप्राणिद वायु ते सोडतात, त्यानें बाटलीच्या बुडाशीं असलेल्या चकतीचा रंग पालटतो. यंत्र दर कांहीं मिनिटांनीं तो रंग पाहत असतें, आणि पालट दिसतांच सूचना देतें. अशा रीतीनें पांच दिवसपर्यंत वाट पाहतात. पण खरा रोगजंतु बहुधा पहिल्या दोन दिवसांतच प्रकट होतो.

घरीं येऊन हें मीं वहिनींना सांगितलें, तेव्हां त्या क्षणभर विचार करून म्हणाल्या, “म्हणजे विरजणच कीं!” मला याहून चांगलें भाषांतर सुचलें नसतें. दुधांत चमचाभर विरजण घालून तें उबेंत ठेवावें, म्हणजे सकाळीं सबंध भांडें लागतें. चमचा खरकटा असला तर दहीं बिघडतें. आणि भांडें थंडींत राहिलें तर लागतच नाहीं. कल्चरच्या बाटलीचे नियमहि हेच. ती फ्रिजमध्यें ठेवावयाची नाहीं, आणि दुसऱ्या गांवीं पाठवावयाची असेल तर वाटेंत रेंगाळूं द्यावयाची नाहीं. बाटली घेऊन जाण्याचें काम पुष्कळदां घरच्या माणसाकडेच येतें, म्हणून एवढें बारकाईनें लिहिलें.

ह्या विद्येचा आपल्या मुंबईशींहि जुना संबंध आहे. ज्या १८९६ सालीं विडाल यांची तपासणी निघाली, त्याच सालच्या सप्टेंबरांत मांडवी भागांत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनीं प्लेग ओळखला. ऑक्टोबरांत वाल्डेमार हाफकिन मुंबईस आले आणि ग्रँट मेडिकल कॉलेजांतील एका लहानशा जागेंत कामाला लागले. प्लेगचा जंतु वाढविण्यासाठीं त्यांनीं खाद्यरसावर तुपाचे थेंब तरंगत ठेवले. त्या थेंबांना धरून जंतूंच्या वाढीचे तंतु गुहेंतल्या चुनखडीच्या झुंबरांसारखे खालीं लोंबत. ह्याच वाढीपासून त्यांनीं लस केली, आणि १० जानेवारी १८९७ रोजीं ती प्रथम स्वतःला टोंचून घेतली. परळची प्लेगची प्रयोगशाळा १९२५ पासून त्यांच्याच नांवानें चालते. शत्रूला आधीं पाळून-पोसून ओळखावें, मग त्याच्यावर चालून जावें, हा धडा आपल्या प्रांतानें त्या वेळीं प्रत्यक्ष पाहिला.

दुसऱ्या दिवशीं रात्रीं यंत्रानें सूचना दिली. बाटलींतला थेंब रंगवून सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिला. त्याची पुन्हां ताटलींत लागवड केली. मग औषधांनीं भिजविलेल्या कागदी चकत्या त्या वाढीवर ठेवून कोणत्या चकतीभोंवतीं जंतु उगवत नाहींत, तें पाहिलें. ह्याला आणखी दोन दिवस लागले. उत्तर आलें: साल्मोनेला टायफी, म्हणजे विषमज्वराचा जंतु. पहिल्या आठवड्यांत ज्या जातीच्या गोळ्या दिल्या गेल्या होत्या, त्यांना तो मुळींच दाद देत नव्हता. एवढ्या गोळ्या पोटांत जाऊनहि तो कल्चरांत उगवला, याचें कारणहि हेंच असावें. इस्पितळांत सुरू केलेलें औषध मात्र त्याला लागू होतें.

येथें खरी कसोटी लागली ती घराची. योग्य औषध सुरू होऊन तीन दिवस झाले, तरी ताप होताच. थोरले बंधु येरझारा घालूं लागले. पुण्याहून, ठाण्याहून फोन येऊं लागले. कोणी दुसरें इस्पितळ सुचविलें, कोणी दुसरें औषध. डॉक्टरीणबाई शांतपणें म्हणाल्या, “टायफॉइडचा ताप योग्य औषधानेंहि चार-सहा दिवस घेतो. जंतु कोणता तें माहीत आहे, औषध त्याला लागू आहे हेंहि माहीत आहे. मग बदलायचं कशासाठीं?” तो कागद हातीं नसता, तर आम्ही तिसऱ्या दिवशीं औषध बदलायला लावलें असतें, आणि चौथ्या दिवशीं तेंहि. सहाव्या दिवशीं ताप उतरला. कल्चर औषध निवडावयास शिकवितें, हें सर्वजण सांगतात; धीर धरण्यास आधार देतें, हें मला त्या वेळीं उमगलें.

ह्याच्या उलट अनुभवहि आमच्या कुटुंबांत आहे. माझे एक मेहुणे मधुमेही होते. त्यांना लघवीच्या विकारानंतर हुडहुडी भरून ताप येऊं लागला. चार ठिकाणचीं चार प्रतिजैविकें झालीं. रक्ताचें कल्चर प्रथम घेतलें गेलें, तें बाराव्या दिवशीं. त्यांत कांहीं उगवलें नाहीं. पुढें आठवड्याच्या आंत ते गेले. कल्चर आधीं घेतलें असतें तर ते वांचलेच असते, असें म्हणण्याचा मला अधिकार नाहीं. परंतु त्यांना काय झालें होतें, हें आम्हांपैकीं कोणालाहि आजतागायत ठाऊक नाहीं, आणि माझ्या भगिनीच्या मनांतील तो सल जात नाहीं.

त्या ‘कांहीं उगवलें नाहीं’ ह्या शब्दांचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. आपल्या मीमांसकांनीं अनुपलब्धि हें प्रमाण मानलें आहे: वस्तु दिसत नाहीं, म्हणून ती नाहीं. पण त्याला त्यांनीं एक अट घातली, ती योग्यतेची. वस्तु असती तर जेथें ती दिसलीच असती, तेथेंच तिच्या न दिसण्याला प्रमाण मानावयाचें. अंधाऱ्या खोलींत घट दिसला नाहीं, म्हणून घट नाहीं असें ठरत नाहीं. कल्चरचेंहि असेंच आहे. मुदतीच्या तापांत, सर्व कांहीं नीट करूनहि, शंभर रोग्यांपैकीं सुमारें साठांच्याच रक्तांत जंतु सांपडतो. आणि आधीं गोळ्या झालेल्या असल्या तर त्याहूनहि कमी. म्हणून ‘होय’ हें उत्तर भक्कम, पण ‘नाहीं’ हें उत्तर रोग्याची एकंदर स्थिति पाहूनच वाचावें लागतें.

औषध लागूं न पडण्याची ही गोष्ट एकट्या आमच्या घरची नाहीं. १९४८ सालीं क्लोरॅम्फेनिकॉल विषमज्वरावर प्रथम वापरलें गेलें, आणि ज्या तापाची मुदत आपले पूर्वज एकवीस दिवसांची मोजीत, तो थोडक्या दिवसांत हटूं लागला. पण १९७२ सालीं केरळांत कोझिकोड येथें त्या औषधाला न जुमानणाऱ्या विषमज्वराची सांथ आली. मागाहून निघालेल्या गोळ्यांचीहि आपल्या देशांत बरीचशी तीच गत झाली आहे. शेजारच्या सिंध प्रांतांत तर २०१६ पासून असा वाण पसरला, कीं शिरेंतून देण्याच्या नेहमींच्या औषधालाहि तो बधत नाहीं. कोणता वाण कोठें पसरतो आहे, हें कळण्याचा मुख्य मार्ग म्हणजे रोग्यांच्या रक्ताचीं कल्चरें.

हें ज्ञान एका घरापुरतेंच उपयोगाचें आहे, असें नव्हे. आमच्या पश्चिमेच्या डोंगररांगेपलीकडे नवी मुंबई आहे. तेथील महानगरपालिकेनें २०१८ च्या जुलै-ऑगस्टमध्यें आपल्या अर्ध्या आरोग्यकेंद्रांच्या हद्दींत नऊ महिन्यांपासून चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांना विषमज्वराची नवी लस दिली. एक लक्ष तेरा हजारांहून अधिक मुलांना ती मिळाली. सरकारी यंत्रणेमार्फत ही लस देण्याचा तो पहिला उपक्रम होता. लसीचा उपयोग झाला कीं नाहीं, हें कसें ठरविलें? शहरांतल्या इस्पितळांत तापाचीं जीं मुलें येत, त्यांच्या रक्ताचीं कल्चरें करून. लस दिलेल्या भागांत कल्चरनें सिद्ध झालेला विषमज्वर सुमारें निम्म्यानें कमी आढळला. एकेका आईनें आपल्या मुलाचें चमचाभर रक्त घेऊं दिलें, म्हणून एका शहराला हें उत्तर मिळालें.

आतां कुटुंबांतील वडील मंडळींस चार गोष्टी सुचवून हें लांबलेलें पुराण आटोपतों. प्रत्येक तापाला कल्चर लागत नाहीं. सर्दी-पडशाच्या तापासाठीं डॉक्टरांमागें त्याचा तगादा लावूं नये. पण ताप तीन-चार दिवसांच्या पुढें गेला आणि डॉक्टर प्रतिजैविक लिहूं लागले, तर नम्रपणें विचारावें, “आधीं रक्ताचें कल्चर घ्यावयाचें काय?” हा प्रश्न विचारण्यांत कोणाचा अवमान नाहीं. हुडहुडी, जलद श्वास, उतरलेला रक्तदाब, बोलण्यांत असंबद्धता, असें कांहीं दिसल्यास तो ताप साधा नव्हे. रोग्याला तत्काळ इस्पितळांत न्यावें. तेथें रक्त घेऊन त्याच तासांत औषध सुरू करतात, आणि निकाल आल्यावर तें सुधारतात. अशा प्रसंगीं निकालासाठीं औषध थांबवून ठेवणें हीहि तितकीच मोठी चूक होय. डॉक्टर रक्त मागतील तेवढें द्यावें, त्यांत घासाघीस करूं नये. ज्या गोळ्यांच्या पाकिटावर उभी लाल रेघ असते, त्या डॉक्टरांच्या लेखी सूचनेवांचून पोटांत जाऊं देऊं नयेत. आणि मागल्या आजारांतल्या उरलेल्या गोळ्या कपाटांत साठवूं नयेत.

शेवटची सूचना सर्वांत स्वस्त आहे. भिंतीवर जेथें पंचांग टांगतां, तेथेंच एक लहान वही दोरीनें बांधून ठेवावी. घरांत ज्या दिवशीं कोणास ताप येईल, त्या दिवसाची तारीख तींत लिहावी. सकाळ-सायंकाळचा थर्मामीटरचा आंकडा लिहावा. आणि कोणती गोळी, कोणाच्या सांगण्यावरून, केव्हां घेतली, तें न लपवितां लिहावें. डॉक्टरांपुढें गेल्यावर दहा तोंडांनीं बोलण्याऐवजीं ती वही पुढें करावी. ‘आधीं कोणतें औषध झालें आहे?’ ह्या प्रश्नाचें खरें उत्तर मिळालें, तर कल्चरचा ‘होय’ आणि ‘नाहीं’ दोन्ही नीट वाचतां येतात. आमच्या घरीं ही वही थोरल्या वहिनी लिहितात, आणि त्यांना विचारल्याशिवाय तापाची एकहि गोळी कोणाला मिळत नाहीं.